प्राग, क्रुमलोव्ह आणि मोरावियाच्या टेकड्या : फोटो कसे काढावेत

चेकियाची सहल करून आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये प्रागच्या चार्ल्स पुलाचा एक फोटो असतोच. पांढरंफटक आकाश, काळवंडलेले पुतळे आणि मधे शंभर अनोळखी पाठी. माझ्या पहिल्या फेरीतला फोटोही असाच आहे, कारण आमची बस अकराला पोहोचली आणि साडेबाराला निघाली. दुसऱ्या वेळी मी पुलापासून दहा मिनिटांवर राहिले आणि पहाटे चालत गेले. कॅमेरा तोच होता, पूलही तोच, पण फोटो पाहून घरच्यांना ते त्याच जागेचे वाटेनात. म्हणून लेन्सच्या आधी वेळेबद्दल सांगते.

मुक्काम जुन्या गावातच करा

हॉटेल गावाबाहेर घेतलं तर थोडे पैसे वाचतात, पण पहाट आणि तिन्हीसांज दोन्ही हातची जातात. चेस्की क्रुमलोव्हला तर हे फार जाणवतं. प्रागहून ते साधारण १७० किलोमीटर, बसने तीनेक तास. बरेचसे पर्यटक सकाळी निघून संध्याकाळी परततात, त्यामुळे जो रात्री राहतो त्याला गल्ल्या मोकळ्या मिळतात. ग्रुप टूरने जाणार असाल, तर टूर संपल्यावर स्वतःचे दोन दिवस जोडून घ्या. तेही जमणार नसेल, तर निदान नाश्त्याच्या आधी बाहेर पडा.

तिथलं घड्याळ समजून घ्या

मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, प्राग ५० अंशांवर. जूनमध्ये तिथे पाचच्या आधीच सूर्य उगवतो आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरमध्ये उगवायला जवळजवळ आठ वाजतात आणि चारला दिवस संपतो. सूर्य तिरका तिरका खाली जात असल्यामुळे कातरवेळही लांबते. मुंबईत सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. प्रागला जूनमध्ये चाळीसेक मिनिटं तरी आकाश गडद निळं राहतं, खाली दिवे लागलेले असतात आणि दोन्ही उजेडांचं छान जमतं. ट्रायपॉड उभा करायची वेळ हीच.

पहाटे उठणं जमतच नसेल, तर हिवाळ्यात जा. डिसेंबरात भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर येतो, म्हणजे ऊन पडलं तर दिवसभर लांब सावल्या मिळतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढेमागे होतात, त्या आठवड्यात जात असाल तर सूर्योदयाची वेळ पुन्हा तपासा.

चार्ल्स पुलावर आधी पूर्वेकडे, मग पश्चिमेकडे

पूल बांधायला सुरुवात झाली १३५७ मध्ये, चेक राजा चौथा चार्ल्स याच्या काळात. लांबी ५१६ मीटर, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. पूर्वेला जुनं शहर आणि त्याचा बुरूज, पश्चिमेला टेकडीवरचा किल्ला. एवढी दिशा ध्यानात ठेवली की पुढचं सोपं आहे.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा. पुलाच्या मध्याजवळ उभं राहून बुरुजाकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करा. तांबडं फुटत असतं, दिवे अजून जळत असतात. मोबाइलवर आकाशाला टॅप करून उजेडाची पट्टी खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी करा. पुतळे पूर्ण काळे होऊ द्या, इथे त्यांच्या आकृत्याच हव्यात. सूर्य वर आला की मागे वळा. आता पहिलं सोनेरी ऊन किल्ल्यावर पडलेलं असतं, आणि ते फार वेळ टिकत नाही. बरेच जण बुरुजाकडेच पाहत राहतात आणि हा फोटो राहून जातो.

मग जवळचं काही टिपा. किल्ल्याकडे जाताना उजव्या हाताला संत जॉन ऑफ नेपोमुक यांचा पुतळा आहे, १६८३ चा, पुलावरचा सर्वांत जुना. १३९३ मध्ये त्यांना याच पुलावरून व्लतावा नदीत फेकलं गेलं. पुतळ्याखालच्या काशाच्या पट्ट्यांपैकी एकीवर तो प्रसंग कोरलाय. येणारे-जाणारे नवस बोलल्यासारखे तिथे हात लावतात. त्यामुळे सगळी पट्टी काळीशार आणि हात लागलेला तेवढाच भाग सोन्यासारखा लखलखीत, देवळाच्या उंबऱ्यावरचं पितळ झिजून चकाकतं तसा. मी तिथे पाऊण तास थांबले. एका आजींनी हातमोजा काढला, चार बोटं त्या चकाकीवर टेकवली आणि क्षणभर डोळे मिटले. मी फक्त हात टिपला. असा फोटो हवा असेल तर पट्टीवर फोकस आधीच लॉक करा, चकाकी जळू नये म्हणून एक्स्पोजर कमी ठेवा आणि हात येण्याची वाट पाहा. चेहरा घ्यायचा असेल तर आधी विचारा. ‘प्रोसीम’ म्हणजे कृपया, एवढा एक शब्द आणि कॅमेऱ्याकडे खूण पुरते.

इमारती मागे कलू देऊ नका

उंच मनोरा मावावा म्हणून आपण मोबाइल वर तिरपा करतो आणि इमारत मागे पडल्यासारखी दिसते. कॅमेऱ्यातली ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा, सुरू करा, मोबाइल अगदी सरळ उभा धरा, मागे सरका आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापा. अरुंद गल्लीत वाइड लेन्सचा मोह होतो, पण दुप्पट झूमवर दूरची कमान आणि तिच्यामागचा मनोरा जवळ येतात. पाऊस पडून गेला तर खोलीत बसू नका. ओल्या फरसबंदीवर मोबाइल उलटा धरून लेन्स जमिनीलगत न्या, वीतभर डबक्यातही अख्खा मनोरा मावतो.

क्रुमलोव्हमध्ये दोन जागा, दोन वेळा

व्लतावा नदी या गावाला वळसे घालून जाते, १९९२ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. सकाळी प्रादेशिक संग्रहालयाशेजारच्या सेमिनार बागेत जा. ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि समोर किल्ल्याचा रंगवलेला गोल मनोरा उजळतो. संध्याकाळी किल्ल्याच्या बाजूला, उंच कमानींचा पूल ओलांडून पुढे या. तिथून लाल कौलं, नदीचं वळण आणि सेंट व्हिटस चर्चचा मनोरा एका चौकटीत येतात. दुपारी हाच देखावा बऱ्यापैकी उजेडाविरुद्ध असतो, फिका दिसतो.

नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवा, अर्धा ते एक सेकंद शटर आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. उन्हाळ्यात रंगीत राफ्ट खाली येतात, त्यांना मात्र शटर १/५०० सेकंद तरी हवा.

निसर्गासाठी मोराविया

दक्षिण मोरावियात क्योव्ह गावाच्या आसपास शेतांच्या टेकड्या लाटांसारख्या पसरल्यात. सह्याद्रीत आपल्याला वाइड लेन्सची सवय असते. इथे ती बाजूला ठेवा. २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की दूरच्या लाटा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. सूर्य खाली असतानाच त्यांच्या सावल्या पडतात, दुपारी सगळं सपाट. एप्रिल-मे मध्ये हिरवं, शरदात नांगरलेली तपकिरी माती. पिकात पाय टाकू नका, बांधावरूनच काढा.

थंडी आणि कार्ड

थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाची आतल्या खिशात अंगाशी ठेवा. डिसेंबरात मी गारठलेला कॅमेरा तसाच गरम कॅफेत नेला, लेन्स आतून-बाहेरून धुरकटली आणि कातरवेळेचा सगळा अर्धा तास गेला. तेव्हापासून बाहेरच असताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधते आणि आत गेल्यावर अर्ध्या तासाने उघडते. रात्री झोपण्याआधी फोटोंची एक प्रत दुसऱ्या कार्डावर घ्या, आणि ते कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता पासपोर्टसोबत ठेवा.