जुन्या गाडीसाठी मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर कसे निवडावे

पुण्यातून साताऱ्याकडे जुनी गाडी घेऊन निघाले की ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इंजिन ओरडू लागते, आणि मग मागच्या ॲक्सलमधील क्राऊन-पिनियनची (मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांची) जोडी बदलण्याचा विचार मनात येतो. विचार योग्य आहे. मात्र ही निवड सपाट महामार्ग पाहून न करता खंबाटकीचा चढ डोळ्यांपुढे ठेवून करावी, असे माझे ठाम मत आहे.

क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की गुणोत्तर मिळते. ४१ आणि १० दाते असतील तर ते ४.१ होते, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा) ४.१ वेळा फिरल्यावर मागची चाके एकदा फिरतात. आकडा मोठा असेल तर गाडीला ओढ जास्त मिळते, लहान असेल तर इंजिन सावकाश फिरते.

प्रथम आपल्या गाडीचे गुणोत्तर स्वतः तपासावे, कारण इतक्या वर्षांत कोणी कोणती जोडी बसवली असेल याचा भरवसा नसतो. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, मागचे एकच चाक जॅकने उचलून खाली भक्कम घोडी द्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. उचललेले चाक हाताने २० वेळा फिरवून शाफ्टचे फेरे मोजावेत आणि त्या संख्येला १० ने भागावे. दुसरे चाक स्थिर असल्याने डिफरन्शिअलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) क्राऊन निम्मेच फिरतो, म्हणून २० ऐवजी १० ने भागायचे.

त्यानंतर टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करून, गाडीत माणसे बसवून, ती चाकाच्या १० फेऱ्यांइतकी पुढे ढकलावी आणि अंतर टेपने मोजावे. एका फेऱ्यात २ मीटर अंतर पडत असेल, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६६७ फेरे घेते. टॉप गिअर थेट, म्हणजे १ गुणोत्तराचा असेल तर ४.१ च्या ॲक्सलवर इंजिनाचे फेरे सुमारे २७३० होतात आणि ३.५५ वर २३७० च्या आसपास येतात. ही घट १३ टक्क्यांची आहे, आणि चाकापाशी मिळणारी ओढही तेवढीच घटते.

म्हणून हाच हिशेब घाटासाठी पुन्हा करावा. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.४ धरले तर ताशी ५० किलोमीटरला ४.१ वर इंजिन सुमारे २३९० फेऱ्यांवर असते, ३.५५ वर मात्र २०७० वर उतरते. तुमच्या इंजिनाचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) २४०० फेऱ्यांच्या आसपास मिळत असेल, तर भरलेली गाडी तिसऱ्यात चढेनाशी होईल आणि दुसऱ्यात इंजिन ताणले जाईल. शहरातल्या गर्दीत चढावर गाडी उठवताना क्लचही जास्त झिजेल. छोट्या इंजिनाच्या गाडीला मधले गुणोत्तरच मानवते. पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळण्यासारखा असेल, तर ॲक्सलला हातच लावू नये: ०.८ चा पाचवा गिअर ४.१ च्या ॲक्सलवर ३.२८ चा परिणाम देतो, आणि खालच्या गिअरांची ओढ कायम राहते.

जोडी घेताना क्राऊन आणि पिनियन एकाच संचातले आहेत ना, हे त्यांवरील क्रमांक जुळवून पाहावे. दोन वेगवेगळ्या जोड्यांतले भाग एकत्र बसवले तर ते आवाज करतात आणि लवकर खराब होतात. बेअरिंग आणि ऑइल सील नाना पेठेत शोधावेत, पण दात्यांमधील मोकळीक आणि दाते एकमेकांवर नीट टेकतात का हे दाखवणारी दात्यांवरील रंगाची खूण तपासण्याचे काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावे.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येत असेल, तर ४.१ च्या जागी ३.५५ बसवल्यावर काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ९२ ने धावत असते. हा फरक दुरुस्त करून घेईपर्यंत महामार्गावर जाऊ नये. काढलेली मूळ जोडी तिच्या शिमसह (मोकळीक जुळवणाऱ्या पातळ चकत्यांसह) तेल लावून जपून ठेवावी, कारण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते.