‘2000 टक्के फायदा’ म्हणजे नक्की किती?

सांगलीत आमचं मेडिकल आहे. पूर्वी गिऱ्हाईक चिठ्ठी पुढं करायचं, आता चिठ्ठीच्या आधी मोबाईल येतो. “ताई, हे खरं का हो?” गेल्या महिन्यात गल्लीतल्याच एका मावशींनी दाखवलं: हळदीत मिरी घाला, 2000 टक्के जास्त फायदा, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. आता हळदीच्या पेठेत राहून हळदीवर शंका कोण घेणार! पण असा मेसेज वाचायची माझी एक रीत ठरून गेलीय, ती सांगते.

“खरं की खोटं” हे आधी विचारायचंच नाही. पुष्कळदा आकडा खराच असतो. विचारायचं ते हे: मोजलं काय? हे 2000 टक्के 1998 सालच्या अभ्यासातले आहेत, बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचे. तिथं निरोगी माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य पिवळा घटक, दिलं, मग त्याच्याबरोबर मिरीतलं पिपरीन 20 मिलिग्रॅम दिलं, आणि करक्युमिन रक्तात किती उतरतं ते पाहिलं. ते 2000 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे वाढलं ते रक्तातलं प्रमाण. कुणाचा गुडघा बरा झाला का, हे तिथं कुणी पाहिलंच नव्हतं. शिवाय नुसतं करक्युमिन पोटात घेतलं तर रक्तात जेमतेम सापडतं. जेमतेममध्ये वीसपट भर पडली तरी ती कशाची वीसपट, हे बघायला नको का?

पुढं स्वयंपाकघरातला हिशोब करा. हळदीत करक्युमिन साधारण 3 टक्के. 2 ग्रॅम हवं तर 65 ग्रॅमच्या आसपास हळद लागेल. आमच्याकडं चौघांच्या आमटीला अर्धा चमचा पडते. 65 ग्रॅम म्हणजे मिसळणाच्या डब्यातली हळदीची अख्खी वाटी, आणि तीही एकट्यानं खायची!

एक आडबाजूची गोष्ट, पण दुकानदार म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. शरीर जे पदार्थ मोडून बाहेर टाकतं, ते काम पिपरीन मंदावतं. आणि ते फक्त करक्युमिनपुरतं नसतं. फेनिटॉइन (फिटचं औषध), प्रोप्रॅनोलॉल (ब्लड प्रेशरचं) अशा औषधांचंही रक्तातलं प्रमाण पिपरीननं वाढलेलं दिसलंय. आमटीतल्या चिमूटभर मिरीचं मी म्हणत नाही. पण फिटची गोळी चालू असेल आणि कुणी मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल हातात दिल्या, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरा प्रश्न: कुणावर, आणि कसं? उंदरावरचं असेल तर मी चहा संपेपर्यंतच वाचते. माणसांवरचं असलं तरी नुसतं निरीक्षण की खरोखर देऊन पाहिलं, हे बघायचं. बीटा कॅरोटीनचं उदाहरण मला पाठ आहे. गाजरासारख्या भाज्या-फळांत ते असतं, आणि ती भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा. म्हणून फिनलंडमध्ये 29,133 पुरुष धूम्रपानी निवडले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. 1994 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. गाजर खाणारा माणूस बाकीच्या चार गोष्टीही नीट करत असतो, त्याचं श्रेय गाजरातल्या एका घटकाला देऊन कसं चालेल?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कितीपैकी किती? 1995 मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर झालं की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बायकांनी धडाधड गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात धोका सुमारे 7000 जणींत एकीवरून दोघींवर गेला होता. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. म्हणून “दुप्पट”, “निम्मं”, “40 टक्के कमी” असं दिसलं की आधी मूळ आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर मेसेज बाजूला ठेवा.

हीच रीत तपासणीच्या रिपोर्टलाही लावा. माझ्या जावेच्या मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, “संशयास्पद” आलं, तेव्हा आम्ही दोघी रात्रभर रडलो. सकाळी मी बिलबुकाच्या पाठीमागं गणित मांडलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ गर्ड गिगरेन्झर यांनी हेच गणित स्त्रीरोगतज्ज्ञांना घातलं होतं. 1000 बायका धरा. त्यातल्या 10 जणींना कॅन्सर आहे, तपासणीत 9 सापडतात. उरलेल्या 990 जणींना काही नाही, पण 89 जणींना उगाच “आहे” येतं. म्हणजे “आहे” आलेल्या 98, आणि खरोखर असलेल्या 9. दहातली जेमतेम एक. डॉक्टरांना हे आधी टक्क्यांत विचारलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर चुकलं, बरेच दहातल्या नऊ म्हणाले! तेच टक्क्यांऐवजी अशी डोकी मोजून मांडलं तर पुष्कळांना जमलं. माणसाच्या मनाला टक्के झेपत नाहीत, माणसं मोजता येतात. आमच्या घरातले खरे आकडे वेगळे असणार, पण कागद पाहून जाऊ उठून चहा तरी प्याली. पुढची तपासणी अर्थातच केली. 98 जणींनी ती करायचीच असते. तिची गाठ साधी निघाली.

शेवटी एक चॉकलेटची गोष्ट. 2015 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम एक तकलादू अभ्यास केला, तो कसा खपतो ते दाखवायला: 15 माणसं आणि 18 मोजमापं. इतकं मोजल्यावर काहीतरी जुळणारच. “चॉकलेटनं वजन लवकर उतरतं” ही बातमी कितीतरी ठिकाणी छापून आली. थोडी माणसं आणि भरपूर मोजमापं दिसली की पान उलटा.

मावशींना यातलं निम्मंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग मिरी घालू की नको?” मी म्हटलं, घाला की, चव येते. आणि मी प्रत्येकाला शेवटी विचारते ते त्यांनाही विचारलं: हे वाचून बंद काय केलंत? मावशींनी पिशवीतून शुगरच्या गोळ्यांची स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. दहातल्या सहा तशाच होत्या. चार दिवसांपासून नुसतं हळदीचं पाणी चाललं होतं. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मोबाईल मावशींच्या हातात दिला.