जुन्या पीसीवर ‘बाल्डर्स गेट ३’ खेळताय? या चुका टाळा

‘माझ्याकडे जीटीएक्स १०६० आहे, बाल्डर्स गेट ३ चालेल ना?’ गेम येऊन इतका काळ लोटला तरी हा प्रश्न काही थांबत नाही. उत्तर बहुतेक वेळा ‘चालेल’ असंच मिळतं, आणि ते खोटं नसतं. पण विचारणारा फक्त ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगतो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, गेम कुठल्या डिस्कवर जाणार, हे ना तो सांगत ना कुणी विचारत. हा गेम जुन्या मशीनला नेमका तिथेच पकडतो, आणि पकडतो तोही उशिरा, पन्नास-साठ तास खेळून झाल्यावर.

आधी कागदावरचं बघू. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओजने हा गेम पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ ला आणला. किमान यादीत इंटेलचा आय५-४६९० किंवा एएमडीचा एफएक्स-८३५०, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४८० हे ग्राफिक्स कार्ड आणि १५० जीबी जागा. शिफारस मात्र आय७-८७००के किंवा रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटीची. म्हणजे किमान यादीतला इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं कार्ड दोन्ही २०१४ सालचे. हे वाचून जुन्या पीसीवाल्याला हायसं वाटतं, आणि पुढच्या चुका तिथूनच सुरू होतात.

‘आय७ आहे’ एवढ्यावर समाधान मानणं

आय७ हे नाव वर्षानुवर्षं तेच आहे, आतला प्रोसेसर तो नाही. लॅपटॉपमधल्या आय७-७५००यू ला दोनच कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत. किमान यादीतल्या आय५-४६९० ला चार आहेत, त्यामुळे नावाने धाकटा असून तो या कामाला सरस ठरतो. आकड्याच्या शेवटी ‘यू’ असेल तर तो बॅटरी वाचवणाऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर, हे धरूनच चाला.

कार्डाचंही तसंच. जुन्या पिढ्यांत लॅपटॉपचं कार्ड आणि डेस्कटॉपचं कार्ड यांचा आकडा सारखा दिसला तरी ताकद सारखी नसायची. जीटीएक्स ९७०एम म्हणजे जीटीएक्स ९७० नव्हे. शेवटचा ‘एम’ वाचायचा राहिला की सगळा हिशेब चुकतो.

पहिल्या दोन तासांवरून निकाल लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून लोक दोन तास खेळून बघतात. उडतं जहाज, समुद्रकिनारा, फार तर ड्रुइडांची वस्ती. सगळं छान पळतं. मग निर्धास्त होऊन पुढे जातात.

गेमचे तीन अंक आहेत. पहिल्या दोन अंकांत माळरान, गुहा, पडके वाडे, शापित प्रदेश, माणसं मोजकी. तिसऱ्या अंकात बाल्डर्स गेट शहर येतं. आधी रिव्हिंग्टन, तिथली सर्कस, मग पूल ओलांडून लोअर सिटी. संध्याकाळी दादरच्या पुलावर असते तशी गर्दी, आणि त्या गर्दीतला प्रत्येक जण कुठून कुठे चाललाय, काय बघतोय, तुम्ही कुणाच्या खिशात हात घातलात तर आरडाओरडा करणार का, याचा हिशेब सतत चालू. हे काम ग्राफिक्स कार्डाचं नाही, प्रोसेसरचं आहे. म्हणून आतापर्यंत सेकंदाला ५० फ्रेम्स (चित्रं) देणारा चार कोअरचा जुना पीसी इथे विशीत येतो आणि घुटमळायला लागतो. गेम आला तेव्हा तर नव्या मशीनवाल्यांचीही हीच ओरड होती. लॅरियनने नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे अपडेटमध्ये, बरीच डागडुजी केली, तरी शहर जड ते जडच राहिलं.

तेव्हा दोन तासांची चाचणी ‘गेम उघडतो का’ एवढंच सांगते. तुमच्याच प्रोसेसरवर लोअर सिटी कशी चालते याचे व्हिडिओ घेण्याआधी शोधा. ‘जीटीएक्स १०६०’ असं शोधून भागणार नाही, प्रोसेसरचं नाव आणि तिसरा अंक असं शोधा. व्हिडिओत कुणी फक्त गॉब्लिनांच्या छावणीपर्यंतचे आकडे दाखवत असेल तर तो व्हिडिओ तुमच्या कामाचा नाही.

दुखणं कुठे आहे ते न बघता सेटिंग्ज पाडत सुटणं

गेम अडखळला की बहुतेकांचा पहिला हात ‘लो’कडे जातो. सगळं लो केलं, चेहरे मेणाचे झाले, सावल्या गेल्या, आणि फ्रेम्स २२ च्या २४ झाल्या. मग गेमला शिव्या.

त्यापेक्षा असं करा. जिथे अडखळतं तिथे सेव्ह करा आणि कॅमेरा एकाच जागी ठेवून उभे राहा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा. शेजारी दुसरा मॉनिटर असेल तर उत्तम. नसेल तर गेम विंडोमध्ये चालवा. आता ग्राफिक्स कार्डाची रेघ बघा. ती ९५-९९ टक्क्यांना चिकटली असेल तर कार्ड दमलंय, सेटिंग्ज उतरवून फरक पडेल. ती ५०-६० वर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम्स पडत असतील, तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. इथे एक फसगत होते. प्रोसेसरचा एकूण आकडा ७० टक्के दिसतो आणि आपल्याला वाटतं, अजून ३० शिल्लक आहेत. पण एकच कोअर पूर्ण भरलेला असला तरी गेम अडतो. आलेखावर उजवी क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा वेगळा आलेख लावला की खरं काय ते दिसतं.

आणखी सोपी परीक्षा म्हणजे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स जागच्या हलल्या नाहीत तर दोष प्रोसेसरकडे, रॅमकडे किंवा डिस्ककडे आहे. कार्डाला बोल लावू नका.

प्रोसेसर दमला असेल तर सेटिंग्जमधलं ‘डायनॅमिक क्राउड्स’ बंद करा, मागे चालू असलेलं सगळं बंद करा, आणि फ्रेम्सची मर्यादा ३० वर बांधून टाका. गेमर मंडळींना ३० म्हटलं की अपमान वाटतो. पण हा पाळीपाळीने खेळायचा गेम आहे. शत्रूची पाळी संपेपर्यंत तुम्ही चहा पिऊन येऊ शकता. २५ ते ४५ अशा उड्या मारणाऱ्या फ्रेम्सपेक्षा एकसारख्या ३० डोळ्यांना कितीतरी बऱ्या.

कार्ड दमलं असेल तर क्रम असा ठेवा: आधी सावल्या, मग धुकं आणि प्रकाशझोत, मग मॉडेलचा दर्जा. टेक्स्चर शेवटी. टेक्स्चरचा संबंध कार्डाच्या स्वतःच्या मेमरीशी, म्हणजे व्ही-रॅमशी. ती पुरेशी असेल तर टेक्स्चर उतरवून जवळजवळ काहीच मिळत नाही, फक्त चित्र बिघडतं. ४ जीबीचं कार्ड असेल तर मध्यमवर ठेवून बघा. जीटीएक्स ९७० वाल्यांनी थोडं जपावं: त्यातल्या ४ जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी बराच मंद आहे, तो भरायला लागला की झटके बसतात.

आणि एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारी सोय. एनव्हिडियाचं तसंच डीएलएसएस फक्त आरटीएक्स कार्डांवर चालतं, जीटीएक्सवाल्यांना एफएसआरचाच आधार. गेममध्ये सुरुवातीला एफएसआरची पहिली आवृत्ती होती, २०२३ च्या अखेरीस २.२ आली. दोन्ही पर्याय दिसत असतील तर २.२ घ्या, पहिल्या आवृत्तीत केस आणि झाडं फारच खरखरीत दिसतात. फक्त हे विसरू नका की एफएसआर कार्डाचा भार हलका करतं. लोअर सिटीत प्रोसेसर अडला असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

गेम हार्ड डिस्कवर टाकणं

लॅरियनच्या यादीत एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क आहे, आणि ती शोभेसाठी नाही. हार्ड डिस्कवर टाकलात तर पात्रांचे कपडे-केस उशिरा उगवतात, संवाद सुरू होऊन गेल्यावर चेहरा येतो, सेव्ह उघडायला इतका वेळ लागतो की हरलेली लढाई पुन्हा खेळायचा उत्साहच उरत नाही. सेटिंग्जमध्ये ‘स्लो एचडीडी मोड’ आहे. हार्ड डिस्कला पर्यायच नसेल तर तो चालू करा. पण तो तात्पुरता इलाज.

इथे दुकानदार महागडी एनव्हीएमई एसएसडी गळ्यात मारायला बघतो. जुन्या मदरबोर्डला बऱ्याचदा तिची खाचच नसते, आणि या गेमपुरती साधी साटा एसएसडी पुरते. घेताना ५०० जीबीच्या खाली जाऊ नका. गेम १५० जीबीचा, आणि मोठ्या पॅचच्या वेळी स्टीमला फायली बदलायला वर आणखी तेवढीच मोकळी जागा लागू शकते. जागा नसेल तर गेम काढून पुन्हा टाका, असा सल्ला खुद्द लॅरियनने दिलेला आहे. ज्यांचं इंटरनेट मोबाइलच्या दिवसाला २ जीबीवाल्या पॅकवर आहे त्यांनी हिशेब करावा: १५० जीबी म्हणजे ७५ दिवस. एकदा उतरवलेला गेम दुसऱ्या डिस्कवर न्यायला पुन्हा डाउनलोड लागत नाही. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’ आहे.

एकच ८ जीबीची रॅम, आणि वर पेजफाइल बंद

८ जीबीवर गेम सुरू होतो, पण मागे क्रोम उघडा असेल तर तो रडतो. १६ करा. करताना दोन सारख्या पट्ट्या लावा, कारण दोन चॅनलनी मेमरी वाचली की प्रोसेसरची उपासमार कमी होते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं, ‘१ ऑफ २’ दिसलं तर सुधारणेला वाव आहे. आय५-४६९० च्या काळातल्या मशीनला डीडीआर३ लागते, डीडीआर४ बसणार नाही.

पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा. ‘वेग वाढवण्यासाठी पेजफाइल बंद करा’ असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात. कमी रॅमच्या मशीनवर याचा परिणाम एकच, गेम मध्येच डेस्कटॉपवर आपटतो. ती विंडोजवर सोडा.

किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी

मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली असणं. हसू नका. कॅबिनेट साफ करून परत जोडताना हे सर्रास होतं आणि कार्ड असून गेम अंगभूत ग्राफिक्सवर चालतो.

लॅपटॉपमध्ये विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ग्राफिक्स विभागात जाऊन गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावा. चार्जर लावूनच खेळा.

गेम सुरू करताना उघडणाऱ्या लाँचरमध्ये व्हल्कन आणि डायरेक्टएक्स ११ असे, गेमने ग्राफिक्स कार्डाशी बोलायचे दोन पर्याय येतात. कुणाचं ऐकू नका, एकाच सेव्हवर, एकाच जागी उभं राहून दोन्ही बघा. जुन्या कार्डांवर मी डायरेक्टएक्स ११ पासून सुरुवात करायला सांगेन; गेम वारंवार बंद पडत असेल तर दुसरा लावून पाहा.

पहिली वीस मिनिटं छान आणि मग हळूहळू घसरण, असं होत असेल तर ती गर्मी आहे. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, मग पंख्यात धूळ अडकलेल्या मशीनने करावं काय? ब्लोअर मारा, वर्षानुवर्षं न बदललेली थर्मल पेस्ट बदला. पाचशे रुपयांच्या आत होणारं हे काम सोडून लोक नवं कार्ड बघायला जातात.

पॅचनंतर गेम उघडेनासा झाला तर आधी मॉड्स (खेळाडूंनी बनवलेले बदल) काढा. गेम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर असली सॉफ्टवेअर मशीनवर असतील तर तीही काढा.

चुकीच्या क्रमाने खर्च

आधी एसएसडी, मग रॅम, मग कार्ड. कार्ड घेताना दोन सापळे आहेत. पहिला, आरएक्स ६५०० एक्सटीसारखी स्वस्त नवी कार्डं. तिला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे मदरबोर्डशी जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत, ४.० च्या मदरबोर्डवर ते खपून जातं, जुन्या ३.० च्या मदरबोर्डवर ती मागे पडते. दुसरा, अविश्वसनीय भावात मिळणारी ‘जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी’. यातल्या काही म्हणजे खूप जुन्या कार्डावर बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदलून चिकटवलेलं नवं नाव. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, पैसे देण्याआधी किंवा परत करायची मुदत संपण्याआधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. खोटं कार्ड ओळखलं तर ते नावाआधी तसं लिहून दाखवतं.

ऑफिसातून निघालेले जुने चपटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. त्यांत अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि कंपनीच्या खास एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या डब्यात) कार्डासाठी वेगळी पॉवर केबल बहुधा नसते. कॅबिनेट उघडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

दोन कोअरचा प्रोसेसर किंवा २ जीबीचं कार्ड असेल तर या गेममागे खर्च करू नका. त्याच लॅरियनचा २०१७ सालचा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ किमान ४ जीबी रॅम आणि जीटीएक्स ५५० एवढ्यावर भागवतो, ६० जीबीत बसतो, लढाया तशाच पाळीपाळीच्या आणि डोकं खाणाऱ्या, आणि सेलमध्ये बऱ्यापैकी उतरलेल्या किमतीत मिळतो.