वडिलांचं पहिलं वर्षश्राद्ध : फ्लेक्स छापायच्या आधी करायची कामं

वडील जाऊन वर्ष होत आलं की घरात पहिली चर्चा काय, तर फ्लेक्स केवढा लावायचा आणि कीर्तनाला महाराज कुठले बोलवायचे. ते एका फोनवर होतं ओ. जे नंतर होतच नाही ते आधी उरका. आमचे अण्णा माळकरी, भजनी मंडळ, देवळाचं बांधकाम, भावकीतली भांडणं मिटवणं सगळीकडे पुढे, त्यामुळे आम्हाला वाटलं आठवणी काय ढीगभर असतील. नव्हत्या.

सगळ्यात आधी त्यांचा मोबाईल. दुःखात रिचार्ज कुणाच्या लक्षात राहत नाही, मग सिम बंद पडतं आणि नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला जातो, आणि व्हॉट्सॲप १२० दिवस वापरलंच नाही तर अकाउंट डिलीट होतं. म्हणून घरातल्या प्रत्येकाने आपल्या फोनमधलं त्यांचं चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. आमच्याकडे अण्णा हरिपाठ म्हणतायत असा एकही व्हिडिओ नाही, पण 'सिलेंडर आला का रे' एवढाच अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आहे. आई तोच ऐकते.

दिवस तिथीने धरतात, तारखेने नाही, हे पुण्या-मुंबईच्या भावंडांना आत्ताच सांगा नाहीतर रजेचा घोळ होतो. मधे अधिक महिना आला असेल तर गुरुजींना विचारूनच ठरवा.

आता मेन काम, लोकांकडे जाऊन बसणं. 'अण्णांबद्दल काहीतरी सांगा' असं विचारलं की शंभर जण एकच सांगतात, देवमाणूस होता. त्याने काही हाताला लागत नाही. बारीक विचारा, पहिली भेट कुठे झाली, कधी वाजलं होतं का, पैशाच्या अडचणीला कोण आलं होतं, आणि फोनचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून चालू ठेवा. आमच्या गिरणीवाल्या काकांनी सांगितलं की ते एकदा पिऊन भजनाला आले म्हणून अण्णा सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या पोरीच्या लग्नात मात्र मांडव घालायला पहाटे सगळ्यात आधी हजर. हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं, आईलासुद्धा नाही.

वडील वारीला जात असतील तर दिंडीतल्या लोकांना विसरू नका, वर्षातले ते दिवस घरच्यांपेक्षा त्यांनीच जास्त बघितलेले असतात. दिंडी पालखीच्या रथापुढची की रथामागची, नंबर कितवा, एवढं माहीत असलं की विणेकरी सापडतातच. जमलं तर एक टप्पा स्वतः चाला, मी पुणे ते सासवड चाललो, दिवे घाटात पाय बोलायला लागले तेव्हा कळलं हा माणूस घरी येऊन दुखतंय असं कधीच का बोलला नाही, बहुतेक बोलला असेल, आम्हीच ऐकलं नसेल. आणि फ्लेक्सचे पैसे वाचवून गावातल्या एखाद्या गरीब म्हाताऱ्या माणसाची दिंडीची भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणखाण्याची वर्गणी, भरा.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी महाराजांना गोळा केलेल्यातल्या चार-पाच गोष्टी कागदावर लिहून द्या, नाहीतर बिचारे सगळ्यांच्या वडिलांबद्दल जे बोलतात तेच बोलणार. श्रद्धांजलीची भाषणं तीनच ठेवा. पुढाऱ्यांना राग येतो, येऊ दे, पंगत खोळंबते.

राहिले त्यांचे टाळ. कपाटात आठवण म्हणून ठेवू नका, काळे पडतात. आम्ही मंडळात नवीन शिकणाऱ्या एका पोराला दिले. पहिल्याच दिवशी आमच्या ओसरीवर वाजवताना त्याचा ठेका चुकला, तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सावकाश रे, पळतोयस कुठं!"