मायनर विषय कसा निवडावा : प्रवेशाच्या खिडकीवर जाण्याआधी

गेल्या जूनमध्ये भाचीच्या प्रवेशाला सोबत गेले होते. मागे लांब रांग, हातात टीसी आणि झेरॉक्सचा गठ्ठा. खिडकीतून प्रश्न आला, "मायनरला काय टाकू?" तिनं मागच्या मैत्रिणीकडे बघितलं आणि मैत्रिणीचाच विषय सांगून मोकळी झाली. तिचं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, भूगोल आहे. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. आता मायनरचा तास दुपारी दीडला असतो आणि गावाकडची एसटी एकला सुटते. हा लेख त्या दहा सेकंदांच्या आधी करायच्या कामांचा आहे.

आधी मायनर म्हणजे किती अभ्यास, ते समजून घ्या. राज्य सरकारच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक) आहेत आणि त्यांतली १८ ते २० मायनरची. एक थिअरी क्रेडिट म्हणजे पंधरा तास. म्हणजे जवळजवळ तीनशे तास तुम्ही या विषयासोबत काढणार आहात. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मेजर-मायनरशिवाय घ्यायचा खुला निवडीचा विषय, वेगळं. ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. मायनरला मात्र त्याच विद्याशाखेतला दुसरा विषयही चालतो. या दोन्हींत पुष्कळ मुलांची गल्लत होते.

मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून मायनरचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवची मुलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा बघतील. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा. विषयाच्या नावावर जाऊ नका, सगळ्या सत्रांचे घटक वाचा. वाचतानाच कंटाळा आला तर तो विषय सोडा.

यापुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच कुणी करत नाही. विद्यापीठाच्या यादीतला विषय तुमच्या कॉलेजात असेलच असं नाही. म्हणून थेट विभागात जाऊन विचारा : शिकवायला कोण आहे, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर? प्रात्यक्षिकाला प्रयोगशाळा आहे का? वेळापत्रकात मेजरच्या तासाशी टक्कर होते का? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या ताईला गाठा, ती खरं काय ते सांगेल. खेड्यातून ये-जा असेल तर एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवूनच तासांच्या वेळा बघा. यात कमीपणा कसला?

आता जोडी कुठली? आपल्या मुलखाकडे बघून ठरवावी असं मला मनापासून वाटतं. मराठी मेजरला इतिहास जोडला की पैठण, अंबाजोगाई, महानुभाव वाङ्मय, यादवकाळचे शिलालेख हे सगळं एका धाग्यात येतं. वनस्पतिशास्त्राला रसायनशास्त्र जोडलं तर माती परीक्षणाचं काम नीट समजतं. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे आयुष्यभर पुरतं. भूगोलाला संगणक जोडला तर पाणलोटाचे नकाशे स्वतः करता येतात. ही जोडी दोन विद्याशाखांतली आहे, त्यामुळे वेळापत्रकात बसते का ते विचारूनच ठरवा. सोपे मार्क मिळतात म्हणून विषय घेऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पदव्युत्तर आराखड्यात मेजरसोबत मायनरच्या विषयातही एम.ए. किंवा एम.एस्सी.ला जाण्याची वाट ठेवली आहे. ज्या विषयात पुढे शिकावंसं वाटत नाही, तो घेऊन ही वाट का बुजवायची? बी.एड. डोक्यात असेल तर शाळेत शिकवला जाणाराच विषय घ्या.

विषय ठरला की कागदावर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी तिन्ही नावं लिहून खिशात ठेवा आणि तो कागदच खिडकीतून पुढे करा. विषय बदलायची शेवटची तारीख तेव्हाच विचारून घ्या. पावतीवर आणि पुढे परीक्षा अर्जावर तोच विषय, तोच कोड आहे ना, ते बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.