कझाकस्तानात एमबीबीएस: फी भरण्याआधी काय तपासायचं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एजंटने 'एनएमसी अप्रूव्हड' छापलेलं पत्रक हातात ठेवलं, तर त्याच्यावर विसंबू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी विद्यापीठांची मान्यताप्राप्त यादी काढतच नाही. 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमावलीत आयोगाने अटी घातल्या आहेत. त्या पूर्ण होतात का, हे आपणच बघायचं असतं. अटी अशा: किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी, आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखीच डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता. नीट उत्तीर्ण असणं तर त्याआधीच लागतं.

फसगत होते ती महिन्यांच्या हिशेबात. सोव्हिएत काळात कझाकस्तानात सलग सहा वर्षांची वैद्यकीय पदवी होती. 2010 मध्ये कझाकस्तान युरोपच्या बोलोन्या प्रक्रियेत, म्हणजे उच्च शिक्षण एकसारख्या मापाने मोजण्याच्या करारात, सामील झाला आणि शिक्षण क्रेडिटमध्ये (अभ्यासाच्या गुणांकांत) मोजलं जाऊ लागलं, वर्षाला 60. वैद्यकीय शिक्षणाची मांडणीही बदलत गेली, त्यात पाच वर्षं शिक्षण आणि पुढे वेगळी इंटर्नशिप असंही आलं. पाच वर्षांचं प्रमाणपत्र घेऊन परतणाऱ्या मुलाची इंटर्नशिपची अट अपुरी राहते, आणि हे कळतं ते इथे एफएमजीईचा, म्हणजे परदेशात शिकून आलेल्यांच्या पात्रता परीक्षेचा, अर्ज भरताना. म्हणून विद्यापीठाकडूनच, त्यांच्या लेटरहेडवर, लिहून घ्या: वर्ग कोणत्या महिन्यात सुरू, कोणत्या महिन्यात संपणार, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, शेवटी कोणती नोंदणी मिळते. एजंटचं पत्र चालवून घेऊ नका.

संस्था जगभरातल्या वैद्यकीय विद्यालयांच्या निर्देशिकेत (World Directory of Medical Schools) शोधताना शहराची जुनी नावंही घालून बघा. अस्ताना हे आधी त्सेलिनोग्राद, मग अकमोला, 1998 पासून अस्ताना, 2019 मध्ये नूर-सुलतान आणि 2022 पासून पुन्हा अस्ताना. सेमिपलातिन्स्कचं 2007 मध्ये सेमेय झालं. जुन्या पदव्यांवर आणि कागदांवर जुनी नावं असतात, त्यामुळे एकच संस्था दोन वाटते.

आता कागदपत्रं. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा. ठाण्याचं केंद्र वागळे इस्टेटला आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जातं. स्पेलिंग मात्र अक्षरन् अक्षर जुळलंच पाहिजे. रशियन भाषांतरात खरी गडबड 'ह'ची होते. रशियन वर्णमालेत 'ह'ला अक्षर नाही. त्याजागी 'ख' किंवा 'ग' येतो, हिमालयाचा तिथे 'गिमालाइ' होतो. मग रोहन एका कागदावर 'रोखन', दुसऱ्यावर 'रोगन', आणि पदवीवर तिसरंच काही. नोटरीआधी कच्चा मसुदा मागून घ्या, व्हिसावर जे रूप आहे तेच सगळीकडे ठेवायला सांगा.

भारत आणि कझाकस्तान दोन्ही अपोस्टिल करारात आहेत (अपोस्टिल म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून केलेलं प्रमाणीकरण), त्यामुळे गुणपत्रिकांवर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं. अपोस्टिलचं स्टिकर मूळ कागदाच्या पाठीवर चिकटवतात. आपल्याकडे निकाल लागला की गुणपत्रिका हौसेने लॅमिनेट करतात. तसं केलेलं असेल तर स्टिकर बसत नाही आणि बोर्डाकडून दुय्यम प्रत काढावी लागते. त्यात वेळ जातो, तेव्हा बारावीच्या निकालानंतर लगेच बघून ठेवा.