मूल आकांत करतं तेव्हा: या चुका टाळा

दीड ते चार वर्षांच्या मुलाने जमिनीवर लोळण घेणं वयाला धरूनच आहे. काय हवंय ते कळतं, सांगायला शब्द पुरत नाहीत. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर पूर्ण पक्व व्हायला विशी उलटावी लागते. म्हणून 'आठ दिवसांत हट्ट बंद' असले उपाय शोधूच नका.

'नाही' म्हणून मग देणं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. वाण्याच्या दुकानात मूल चॉकलेट मागतं, आई नाही म्हणते. रडणं सुरू होतं, मग किंचाळणं. लोक वळून बघायला लागतात आणि पंधराव्या मिनिटाला आजोबा पाकीट काढतात. मूल शिकतं ते एवढंच: पंधरा मिनिटं रडलं की मिळतं. पुढच्या वेळी कुणी ठाम राहिलं, तर आधी रडणं वाढतं, कारण कालपर्यंत चाललेला उपाय ते जास्त जोर लावून करून बघतं. नेमकं इथेच पालक कंटाळून माघार घेतात. द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला द्या. नसेल तर दुकानात शिरण्याआधी सांगा, "आज फक्त साखर आणि साबण." आणि आजी-आजोबांशी हे घरीच ठरवा, मुलासमोर नको.

रडण्याच्या भरात उपदेश. किंचाळणाऱ्या मुलाच्या डोक्यात "शहाणी मुलं असं करतात का?" शिरत नाही. खाली बसा, नजर त्याच्या पातळीवर आणा आणि हळू आवाजात एकच वाक्य बोला: "खेळ थांबवला म्हणून राग आलाय तुला." मग गप्प बसा. मारत असेल तर हात हलकेच धरा, "मी मारू देणार नाही." समजावणं नंतर, पाणीबिणी पिऊन शांत झाल्यावर, दोन वाक्यांत.

दीर्घ श्वास ऐनवेळी शिकवणं. तेव्हा जमत नाही. रोज रात्री पाठीवर झोपवून पोटावर मऊ खेळणं ठेवा. नाकाने श्वास घेतला की खेळणं वर येतं, तोंडाने सावकाश फुंकर सोडली की खाली जातं. पाच वेळा पुरे. सवय मुरली की रागात नुसतं "फुंकर" म्हटलं तरी आठवतं.

हातात मोबाइल देणं. रडणं थांबतं, पण स्वतःहून शांत होण्याचा सराव बुडतो.

भूक आणि झोप विसरणं. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप लागते. संध्याकाळी सातचा थयथयाट बऱ्याचदा बुडालेल्या दुपारच्या झोपेचा असतो.

"मुलगा असून रडतोस?" आणि बागुलबुवा. दोन्ही आजच बंद करा. मूल भावना लपवायला शिकतं, सांभाळायला नाही.

पाच वर्षांनंतरही रोज असं होत असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा रडताना श्वास अडकून निळं पडत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना आठवडाभराची नोंद न्या: वेळ, आधी काय घडलं, किती मिनिटं चाललं.